एमएस्सीला स्पेशल काय घ्यायचे? भौतिकशास्त्रातल्या शाखानिवडीचा आढावा

भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी करणाऱ्या मुलामुलींसमोर एकच प्रश्न तीन वेळा येतो. टीवायला असताना: एमएस्सी करायची का, आणि करायची तर विद्यापीठात, आयआयटीत की थेट एखाद्या संशोधन संस्थेत? मग एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी: स्पेशल काय घ्यायचे आणि प्रोजेक्ट कोणाकडे करायचा? पुढे पीएचडीला प्रवेश मिळाला की: थिअरी की एक्सपेरिमेंट, कोणता गट, गाईड कोण? दर वेळी विचाराला मिळतात काही आठवडे, आणि परिणाम मात्र दहा-बारा वर्षे सोबत राहतो.

या प्रश्नावर सल्ल्यांना तोटा नाही. आवडीच्या मागे जा, असे एक जण सांगतो. दुसरा म्हणतो, सध्या पैसा कुठे येतोय ते बघ. तिसऱ्याच्या मते विषय सोड, गाईड चांगला धर. चौथा म्हणतो, कोडिंग शिक, बाकी सगळे दुय्यम. हे सगळे सल्ले अनुभवातून आलेले आहेत, पण ते वेगवेगळ्या काळांतल्या अनुभवांतून आलेले आहेत, हे ऐकणाऱ्याला सहसा कळत नाही. म्हणून आधी शाखांची पार्श्वभूमी, मग या भूमिका, मग नोकऱ्यांचे प्रत्यक्ष चित्र आणि शेवटी जे अजून कोणालाच नीट माहीत नाही ते, अशा क्रमाने हा आढावा घेतो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: शाखेच्या नावाला आपण गरजेपेक्षा जास्त वजन देतो आणि रोज काय काम करावे लागणार याला फार कमी.

शाखा कशा घडत गेल्या

टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली स्थापन झाली, अणुऊर्जा विभाग १९५४ साली, आणि तुर्भ्याची प्रशिक्षणशाळा १९५७ साली सुरू झाली. या तीन घटनांनी महाराष्ट्रातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे क्षितिज ठरवले. प्रशिक्षणशाळेत निवड झाली की वर्षभर विद्यावेतनासह शिक्षण आणि पुढे सरकारी वैज्ञानिक अधिकाऱ्याची नोकरी, हा मार्ग स्वच्छ होता. 'बीएआरसीत लागला' हे वाक्य मध्यमवर्गीय घरांत पुढची कितीतरी वर्षे अभिमानाने उच्चारले गेले. साहजिकच अणुकेंद्रकीय भौतिकीला एमएस्सीच्या वर्गात प्रतिष्ठा आली. तिच्या शेजारी सॉलिड स्टेट आणि स्पेक्ट्रोस्कोपी होतीच. पुढे इलेक्ट्रॉनिक्सला गर्दी होऊ लागली, कारण त्यात कारखान्यातली नोकरी दिसत होती.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती आजही निवडीवर सावली टाकून आहे. संशोधन मोठ्या संस्थांत गेले आणि विद्यापीठांकडे मुख्यतः शिकवणे उरले. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली ती ही दरी बुजवण्यासाठी. कोणत्याही विद्यापीठातल्या शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला तिथे येऊन काम करता यावे, ही तिची मूळ कल्पना. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण उभी राहिली. पुण्यात वाढलेल्या मुलीला खगोलभौतिकी हा शक्यतेतला विषय वाटतो आणि तितक्याच हुशार अकोल्यातल्या मुलीला तो पुस्तकातला वाटतो, यामागे हा भूगोल आहे.

कोल्हापूरचे उदाहरण तर फारच बोलके आहे. शिवाजी विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग पातळ थरांच्या, म्हणजे थिन फिल्मच्या, कामासाठी देशभर ओळखला जातो. हा विषय तिथे रुजण्यामागे त्याच्या पद्धतीही होत्या. केमिकल बाथ डिपॉझिशनला निर्वात कक्ष लागत नाही, कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. काचपात्र, हॉटप्लेट, पीएच मीटर आणि काचेच्या पट्ट्या एवढ्यावर चांगला थर बसवता येतो. कमी साधनांत प्रामाणिक संशोधन करण्याचा तो मार्ग होता. तिथून तयार झालेले शिक्षक पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या महाविद्यालयांत गेले, त्यांनी तेच काम पुढे नेले, आणि आजही त्या पट्ट्यातल्या विद्यार्थ्याच्या कानावर पहिला संशोधन विषय येतो तो सौरघटांचे किंवा सुपरकपॅसिटरचे थर. शाखा विद्यार्थी निवडतो असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा जवळची उपकरणे आणि जवळची माणसे ती आधीच निवडून ठेवतात.

२००६ साली पुणे आणि कोलकाता येथे आयसर सुरू झाल्या. पुढे मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बरहामपूर मिळून त्या सात झाल्या. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईच्या कलिना आवारातले अणुऊर्जा विभागाचे केंद्र २००७ चे. बारावीनंतर थेट संशोधनाच्या वातावरणात जाण्याचा मार्ग यामुळे उघडला. त्याचबरोबर आयसरमधला विद्यार्थी आणि तालुक्याच्या महाविद्यालयातला विद्यार्थी यांच्या माहितीतले अंतरही वाढले. पहिल्याला विसाव्या वर्षी गट, गाईड, शोधनिबंध हे शब्द सवयीचे असतात. दुसऱ्याला जेईएसटी नावाची परीक्षा असते हे कधी कधी अर्जाची मुदत संपल्यावर कळते.

पहिली भूमिका: प्रश्नाच्या मागे जा

ही सर्वांत जुनी आणि आदराची भूमिका. भौतिकशास्त्र ज्या प्रश्नाने झोप उडवते त्याच प्रश्नावर काम करावे, बाकीचे जुळून येते. शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर क्वांटम गुरुत्वाकर्षणाकडे वळले तेव्हा तो विषय गर्दीचा नव्हता. १९८६ साली त्यांनी सामान्य सापेक्षतेची मांडणी नव्या चलांमध्ये केली आणि त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी ही शाखाच उभी राहिली. अशी उदाहरणे या भूमिकेचे बळ आहेत. भारतात स्ट्रिंग सिद्धांताची परंपरा अशोक सेन यांच्यासारख्यांनी जागतिक पातळीवर नेली, तीही याच वृत्तीने.

या भूमिकेच्या पोटात एक जुना वाद आहे: मूलभूत कशाला म्हणायचे? स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९९२ च्या त्यांच्या पुस्तकात अंतिम नियमांचा शोध हेच भौतिकशास्त्राचे सर्वांत खोल काम असल्याची बाजू मांडली. फिलिप अँडरसन यांनी त्याच्या वीस वर्षे आधी, १९७२ च्या 'मोअर इज डिफरंट' या लेखात, उलट दाखवले होते: असंख्य कण एकत्र आले की नवे नियम निर्माण होतात, ते कणांच्या नियमांतून आपोआप हाती येत नाहीत, आणि म्हणून तेही तितकेच मूलभूत आहेत. हा वाद नुसता तत्त्वज्ञानाचा राहिला नाही. टेक्सासमध्ये सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडरचे काम सुरू होते तेव्हा वाइनबर्ग त्याच्या बाजूने आणि अँडरसन विरोधात अमेरिकी संसदेसमोर बोलले. ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. तोपर्यंत वीस किलोमीटरहून अधिक बोगदा खणून झाला होता. त्या प्रकल्पाच्या भरवशावर आयुष्य आखलेल्या कित्येक तरुण संशोधकांनी वित्तक्षेत्राचा रस्ता धरला.

आपल्याकडे तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची होती. तिच्यासाठी २००८ पासून वेगळा पीएचडी कार्यक्रम सुरू झाला. मदुराईला शोधकाचे छोटे प्रारूप चालले, मुख्य वेधशाळा मात्र स्थानिक विरोध आणि न्यायालयीन लढाईत अडकली. त्या कार्यक्रमातल्या विद्यार्थ्यांना शोधक बांधण्याचे उत्तम शिक्षण मिळाले हे खरे, पण ज्या मोजमापासाठी ते आले होते ते त्यांच्या हातून झाले नाही.

या भूमिकेवरचा दुसरा आक्षेप कणभौतिकीच्या सद्यस्थितीतून येतो. ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा झाली. त्यानंतर महासममितीचे म्हणजे सुपरसिमेट्रीचे अपेक्षित कण लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर दिसले नाहीत. ली स्मोलिन आणि पीटर वॉइट यांनी २००६ सालीच, आणि साबिने होसेनफेल्डर यांनी २०१८ साली, या क्षेत्राची दिशा चुकते आहे अशी टीका पुस्तकांतून केली. उलट बाजूचे म्हणणे असे, की प्रयोग गप्प असताना सिद्धांताने थांबायचे नसते. गणित, घनपदार्थ भौतिकी आणि क्वांटम माहितीशास्त्र या सगळ्यांना स्ट्रिंग सिद्धांतातून नव्या कल्पना मिळाल्याच आहेत. दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसे आहेत. विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावे, की हा वाद त्याच्या पीएचडीच्या काळात सुटेलच असे नाही.

दुसरी भूमिका: काळ ओळखा

१९८६ साली बेडनॉर्झ आणि म्युलर यांना उच्च तापमानाची अतिवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले आणि जगभर, भारतातही, प्रयोगशाळांनी सिरॅमिक भाजायला सुरुवात केली. २००७ साली केंद्राचे नॅनो मिशन आले आणि काही वर्षांत विद्यापीठांतल्या निम्म्याशिम्म्या प्रबंधांच्या शीर्षकात 'नॅनो' दिसू लागले. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०३०-३१ पर्यंतसाठी सुमारे ६,००३ कोटी रुपये मंजूर झाले. त्याची चार मुख्य केंद्रे आयआयएस्सी बेंगळुरू, आयआयटी मद्रास, आयआयटी मुंबई आणि आयआयटी दिल्ली येथे आहेत, आणि क्वांटम संवेदकांचे केंद्र मुंबईला आहे. पुण्याच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र त्याआधीपासून आहे.

काळ ओळखा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे. जिथे पैसा येतो तिथे उपकरणे येतात, फेलोशिप येतात, जागा निघतात. चांगले प्रश्न सगळ्याच शाखांत असतात, मग जिथे हात चालवायला मिळतील तिथे जावे.

अडचण वेळेच्या हिशेबात आहे. आज एमएस्सीत असलेली विद्यार्थिनी पीएचडी संपवील तोपर्यंत सहा-सात वर्षे गेलेली असतील, पोस्टडॉक धरले तर दहा. लाटेच्या शिखरावर आत शिरलेला माणूस लाट ओसरताना नोकरी शोधत असतो. उलट उदाहरण गुरुत्वीय लहरींचे आहे. आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून गोंगाटातून अशा लहरींचा संकेत कसा वेगळा काढायचा यावर काम करत होते. तेव्हा एकही लहर सापडलेली नव्हती. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली सापडली, आणि त्यांनी घडवलेले विद्यार्थी तयार होते. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे. २०२३ साली त्यासाठी २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. त्या प्रकल्पाला सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ थोडे लागतील. निर्वात तंत्र, लेझर, कंपनरोध, नियंत्रण यंत्रणा आणि विदा विश्लेषण येणारी माणसे खूप लागतील. 'काळ ओळखा' या सल्ल्याचा मला पटणारा अर्थ हाच आहे. मोठ्या प्रकल्पाचे नाव बघू नये, त्याला कोणत्या प्रकारचे हात लागणार ते बघावे, कारण ते हात प्रकल्प रखडला तरी दुसरीकडे उपयोगी पडतात.

तिसरी भूमिका: गाईड आधी, विषय नंतर

अनुभवी संशोधकांना खाजगीत विचारले तर बहुतेक जण हेच सांगतात. पाच-सहा वर्षे ज्या माणसाच्या हाताखाली काढायची त्याच्याशी जुळले नाही तर आवडता विषयही नकोसा होतो, आणि चांगला गाईड रूक्ष वाटणाऱ्या विषयात गोडी लावतो. या सल्ल्याची मर्यादा एवढीच, की गाईड निवडण्याची मुभा सगळ्यांना सारखी नसते. टीआयएफआर, आयुका, आयसर यांसारख्या ठिकाणी पहिले वर्ष-दीड वर्ष कोर्सवर्क आणि छोटे प्रकल्प करून गट ठरवता येतो. राज्यातल्या विद्यापीठांत मात्र कोणाकडे जागा रिकामी आहे यावर गाईड ठरतो. जिथे मुभा आहे तिथे प्राध्यापकाच्या शोधनिबंधांची यादी वाचण्याआधी त्याच्या आजीमाजी विद्यार्थ्यांना भेटावे. प्रबंधाला किती वर्षे लागली, मधेच सोडून कोण गेले, सोडलेले आज कुठे आहेत, हे त्यांना विचारावे. हे विचारण्यात संकोच वाटतो, विशेषतः लहान गावातून आलेल्यांना. तो बाजूला ठेवावा.

चौथी भूमिका: रोजचे काम आवडते का?

ही भूमिका नवी आहे आणि अजून नीट मांडली गेलेली नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. शाखांची नावे प्रश्नांवरून पडलेली आहेत, पण माणूस दिवसभर जे करतो ते प्रश्नाहून फार वेगळे असते.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला अतिवाहकाची गोळी बनवणाऱ्या विद्यार्थ्याचा आठवडा बघा. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड मिलिग्रॅमच्या अचूकतेने तोलायचे. अगेटच्या खलात तासन्‌तास घोटायचे, हात भरून येईपर्यंत. मग भट्टीत नऊशे-साडेनऊशे अंशांवर भाजायचे, पुन्हा घोटायचे, दाबून गोळी पाडायची, प्राणवायूच्या प्रवाहात हळूहळू थंड करायची. त्यानंतर एक्स-रे विवर्तनाचा आलेख काढून अनावश्यक शिखरे आहेत का ते बघायचे. शेवटी द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनपर्यंत थंड करत रोध मोजायचा. नव्वदच्या आसपास तो एकदम शून्यावर आला तर आनंद. पण गोळीत प्राणवायू कमी राहिला असेल तर काहीच होत नाही, आणि सगळे पहिल्यापासून. ज्याला हे पहिल्यापासून करणे जाचते, त्याला घनपदार्थ भौतिकीतले सुंदर प्रश्न कितीही आवडले तरी प्रयोगशाळेत सुख लागणार नाही.

रेडिओ खगोलशास्त्राची विद्यार्थिनी मात्र दुर्बिणीतून आकाश बघत नाही. जीएमआरटीवर तिला रात्रीची वेळ मिळाली तर ती नियंत्रण कक्षात पडद्यांसमोर असते. आधी ३सी२८६ सारख्या ज्ञात तेजस्वितेच्या स्रोताकडे अँटेना वळवायच्या, मग आपल्या स्रोताकडे, मधून मधून पुन्हा जवळच्या कॅलिब्रेटरकडे. नंतरचे महिने संगणकापुढे जातात. मोबाइल मनोऱ्यांचे आणि विजेच्या तारांतल्या ठिणग्यांचे संकेत कोणत्या अँटेनाच्या कोणत्या क्षणात घुसले ते शोधून गाळायचे, कॅलिब्रेशन करायचे, प्रतिमा काढायची, तिच्यात पट्टे दिसले की परत मागे. हे काम स्वभावाने विदाविश्लेषकाचे आहे. खगोलभौतिकीत पीएचडी केलेली कितीतरी मुले पुढे डेटा सायन्समध्ये सहज रुळतात ती यामुळे.

तिसरे उदाहरण कर्करोग रुग्णालयातले. वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ सकाळी रुग्ण येण्याआधी लिनिअर अॅक्सिलरेटर सुरू करून किरणांची मात्रा ठरल्याप्रमाणे येते का ते मोजतो, लेझर रेषा जुळतात का बघतो, सुरक्षेची कुलपे तपासतो. मग दिवसभर डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा गाठीवर पूर्ण आणि शेजारच्या अवयवांवर कमीत कमी पडावी यासाठी योजना आखतो. यात नवा शोध क्वचित असतो, पण चुकीला जागा नसते आणि उपयोग डोळ्यांसमोर असतो.

या भूमिकेचे पुरस्कर्ते म्हणतात की शाखा ठरवण्याआधी त्या शाखेतला एक कंटाळवाणा आठवडा जगून बघावा. उन्हाळी प्रकल्प, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' कार्यक्रम, जवळच्या विद्यापीठातली एखादी प्रयोगशाळा, काहीही चालेल. विरोधी म्हणणेही ऐकण्याजोगे आहे: एकोणिसाव्या वर्षी सहन होणारे काम तिसाव्या वर्षी होईलच असे नाही, आणि केवळ कौशल्याकडे बघणारा विद्यार्थी तंत्रज्ञ होतो, भौतिकशास्त्रज्ञ होत नाही. हा धोका मला खरा वाटतो. तरीही काम न बघता शाखा घेण्यातला धोका त्याहून मोठा आहे.

लवकर ठरवावे की उशिरा?

वेंकी रामकृष्णन यांनी वडोदऱ्याला भौतिकशास्त्रात बीएस्सी केली, १९७६ साली ओहायो विद्यापीठातून भौतिकशास्त्रातच पीएचडी मिळवली, आणि मग सॅन दिएगोला जाऊन पुन्हा जीवशास्त्राचे विद्यार्थी झाले. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना रायबोसोमच्या रचनेसाठी मिळाले. जॉन हॉपफिल्ड घनपदार्थ भौतिकीतून जीवभौतिकीकडे आणि तिथून स्मृतीच्या प्रतिमानाकडे गेले. १९८२ च्या त्या जाळ्याबद्दल त्यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. उशिरा दिशा बदलता येते, याचे हे भक्कम पुरावे आहेत.

मात्र बदलून जमले त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात. आपल्याकडे प्रवेश परीक्षा, वयोमर्यादा आणि 'संबंधित विषयातच पदवी हवी' अशा जाहिराती यांमुळे दिशाबदल महाग पडतो. लवकर ठरवणाऱ्याचे नुकसान वेगळे असते. आपल्या एमएस्सी अभ्यासक्रमात प्रवाही गतिकी फारशी शिकवली जात नाही, सांख्यिकी आणि संगणकीय पद्धतींना दुय्यम जागा असते. स्पेशलच्या पेपरांत गुंतलेला विद्यार्थी हवामानशास्त्राकडे वळायचे ठरवतो तेव्हा नेमके हेच कमी पडते. पायाचे चार विषय, म्हणजे अभिजात यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, क्वांटम यांत्रिकी आणि सांख्यिकीय भौतिकी, पक्के असावेत यावर मात्र सगळ्या बाजूंचे एकमत आहे.

नोकऱ्यांचे चित्र

प्राध्यापकी हा ठरलेला शेवट मानण्याची सवय अजून गेलेली नाही. नेट किंवा सेट उत्तीर्ण असल्यास सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी सक्तीची नाही, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२३ पासून ठरवले. पण अनुदानित महाविद्यालयांत भरती तुंबलेली आहे आणि सेट झालेले, पीएचडी असलेले कितीतरी जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवत आहेत. संशोधन संस्थांत कायम जागा मिळेपर्यंत वय पस्तिशीच्या आसपास जाते. तोपर्यंत आधार फेलोशिपचा: केंद्राची जेआरएफ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या अधिछात्रवृत्तींमुळे ज्यांच्या घरात पदवीधरही नव्हता अशी मुले पीएचडीपर्यंत पोचली, ही मोठी गोष्ट आहे. पैसे वेळेवर मिळण्यासाठी त्यांना आंदोलने करावी लागली, हेही खरे.

अणुऊर्जा विभागाची प्रशिक्षणशाळा आजही एमएस्सी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेते. डीआरडीओ, इस्रो आहेतच. वैद्यकीय भौतिकीसाठी बीएआरसीत १९६२ पासून पदव्युत्तर पदविका चालते. तिच्यानंतर वर्षभराची इंटर्नशिप लागते आणि प्रत्येक रेडिओथेरपी केंद्राला असा तज्ज्ञ नियमाने ठेवावाच लागतो. ही वाट बीएस्सीच्या वर्गात फार कमी जणांना माहीत असते. पाषाणची उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था आणि पुण्यातला हवामान विभाग मिळून मान्सूनच्या भौतिकीचे देशातले मोठे केंद्र आहे. 'प्रत्यूष' हा महासंगणक तिथे २०१८ साली आला, त्यानंतर 'अर्का'. अर्धवाहक उद्योगात डिझाइनच्या जागा अभियंत्यांकडे जातात, पण प्रक्रिया आणि पदार्थांच्या तपासणीत भौतिकशास्त्राला वाव आहे.

एका वाटेबद्दल आढाव्यांमध्ये लिहिले जात नाही. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या जेईई-नीटच्या क्लासेसमध्ये भौतिकशास्त्राचे पदवीधर मोठ्या संख्येने शिकवतात आणि काही जण महाविद्यालयातल्या पगाराच्या कितीतरी पट मिळवतात. ते भौतिकशास्त्र सोडून गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्यातल्या हजारो मुलांना न्यूटनचे नियम तेच समजावून सांगतात.

परदेशाचे गणित सध्या हलते आहे. अमेरिकेत २०२५ पासून विज्ञानाच्या निधीला कात्री लागली आणि व्हिसाची अनिश्चितता वाढली. जर्मनी, नेदरलँड्स अशा देशांत पीएचडी करणाऱ्याला नोकरदाराप्रमाणे करार आणि वेतन मिळते, मात्र आधी एमएस्सी लागते आणि ठरलेल्या प्रकल्पावरच काम करावे लागते. म्हणजे तिथे शाखा अर्ज करतानाच ठरलेली असावी लागते.

काय अजून ठरलेले नाही

यंत्रशिक्षणाने कोडिंगचे काम बरेच उचलले तर चौथ्या भूमिकेचे काय होईल, हे सांगता येत नाही. काही जणांना वाटते की आता प्रयोगातल्या हातांची किंमत वाढेल. काहींच्या मते प्रश्न विचारणाऱ्याची वाढेल.

मुलींच्या बाबतीत पीएचडी आणि पोस्टडॉकची वर्षे आणि घरच्यांनी ठरवलेली लग्नाची वर्षे एकमेकांवर पडतात. खंडानंतर परत येणाऱ्यांसाठी केंद्राच्या योजना आहेत. पण शाखा निवडतानाच 'लॅबमध्ये रात्री थांबावे लागेल' म्हणून थिअरीकडे किंवा बीएडकडे वळवल्या जाणाऱ्या मुली कोणत्याही योजनेत मोजल्या जात नाहीत. हा मला या सगळ्या प्रश्नातला सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो.

चार वर्षांच्या पदवीचा परिणामही बघायचा आहे. नव्या धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएचडीला पात्र होता येते. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि बाकीच्या महाविद्यालयांनी त्यानंतर हा आराखडा स्वीकारला, म्हणजे पहिल्या तुकड्या २०२७ आणि २०२८ मध्ये चौथे वर्ष संपवतील. एक वर्ष वाचेल, पण शाखा ठरवण्याचे वयही एका वर्षाने अलीकडे येईल, तेही अशा महाविद्यालयांत जिथे चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाला पुरेशी प्रयोगशाळा नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेली उणीव: आपल्या विद्यापीठांतून एमएस्सी आणि पीएचडी झालेले विद्यार्थी पाच-दहा वर्षांनी कोठे आहेत, याची शाखावार माहिती विद्यार्थ्याला सहजी मिळत नाही. कोल्हापूरचा थिन फिल्मवाला, पुण्याची खगोलभौतिकीवाली आणि नागपूरचा स्पेक्ट्रोस्कोपीवाला यांच्यापैकी कोणाचे काय झाले हे माहीत असते, तर वरच्या चारही भूमिकांची पारख अनुभवावर करता आली असती. २०२७ ची तुकडी बाहेर पडेल तेव्हापासून तरी प्रत्येक विभागाने विद्यार्थ्याचे नाव वगळून त्याची शाखा, प्रकल्पाचा प्रकार आणि पुढची नोकरी एवढे तीन रकाने दरवर्षी भरावेत आणि ते पुढच्या टीवायच्या वर्गापुढे ठेवावेत. विभागातल्या एका माणसाचे हे आठवडाभराचे काम आहे.